चाळीस वर्षं 'तो' असलेल्या जॉर्जनं अंडं घातलं: पाळीव कासवांची अंडी आणि आजारपण

रानजाई
मंडळी, जरा घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. शेजारच्या आजोबांना दोन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात जावं लागलं, तेव्हा त्यांचं कासव आमच्याकडे आलं. हरमन्स जातीचं, जमिनीवर राहणारं, मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. आजोबांनी ते १९८२ साली दुकानातून आणलं होतं. नाव जॉर्ज. आमचा लेक त्याला जॉर्जराव म्हणतो.

गेले आठ दिवस जॉर्ज खात नाहीये. कुंपणाच्या कडेकडेनं सारख्या येरझाऱ्या घालतोय. मागच्या पायांनी माती उकरतो, अर्धवट सोडतो, दुसरीकडे जाऊन परत उकरतो. मला वाटलं ऊन पडलंय म्हणून अंगात आलंय. आज दुपारी परसातल्या फरशीवर एक अंडं दिसलं. पांढरंशुभ्र, कडक कवचाचं, पिंगपाँगच्या चेंडूहून थोडं लहान आणि लांबट. तडा गेलेलं. जॉर्ज शेजारीच मान आत घेऊन बसलेला.

आता प्रश्न असे. नर कधी जवळपासही नव्हता, मग अंडं कसं? पोटात अजून असतील का? आणि जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात, त्यांनी शुक्रवारची वेळ दिलीय. आज मंगळवार. थांबू का?

टिंब
जॉर्जरावांचं डोहाळजेवण राहून गेलं म्हणायचं!

माईआजी
अगं बाई, चाळीस वर्षं त्या जिवाला कुणी मादी म्हणून ओळखलंच नाही? रानजाई, घाबरू नकोस. पण अडलेल्या गाईचं बाळंतपण मी लहानपणी गोठ्यात पाहिलंय. जनावर गप्प झालं की समजायचं दुखतंय. थांबू नकोस एवढंच कळतं मला.

घाटवाट
मला तरी वाटतं थोडं थांबावं. कासवं लाखो वर्षं अंडी घालतायत, त्यांना काय दवाखाने होते? उगाच हाताळलं की जनावर जास्त बिथरतं. कोवळा पाला द्या, शांत ठेवा, निसर्ग करेल.

कोयनाकाठ
@घाटवाट, राग मानू नका, पण हेच वाक्य मला २०१९ साली सांगितलं होतं.

आमच्याकडे पुण्यात दोन लाल कानवाली कासवं होती, दुकानात 'लकी कासव' म्हणून मिळतात ती. रेड इअर्ड स्लायडर. नाण्याएवढी होती तेव्हा आणली, बारा वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढी झाली. काचेच्या टाकीत ठेवली होती. पाणी, एक दगड, वरती साधा बल्ब. जमीन म्हणून काहीच नाही. ही जात आयुष्यभर पाण्यात राहते, पण अंडी घालायला तिला मातीच लागते, हे मला माहीतच नव्हतं.

मोठी होती ती, बनी, एप्रिलमध्ये टाकीच्या काचेवर पाय घासायला लागली. रात्रभर टक टक आवाज. आम्ही हसायचो, फिरायला जायचंय म्हणे हिला. मग खाणं बंद झालं. एका दवाखान्यात नेलं, तिथे म्हणाले पोट साफ होत नाहीये, आपोआप होईल, आठवडाभर बघा. आठवडा बघितला. मागचे पाय ओढत चालायला लागली. दुसरीकडे नेलं तोवर उशीर झाला होता. नंतर त्या दुसऱ्या डॉक्टरांनी उघडून पाहिलं. नऊ अंडी. एक आत फुटलेलं.

ती टक टक अजून ऐकू येते मला. रानजाई, शुक्रवारपर्यंत थांबू नका. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधा, लांब असला तरी चालेल.

डॉ_शेवरी
मी पशुवैद्य आहे. मुख्यतः पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघते. कोयनाकाठ, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं. असं वर्षातून दोन-तीनदा माझ्या टेबलावरही येतं, आणि बहुतेक वेळा उशिराच येतं.

रानजाई, एकेक करून सांगते.

नर नसताना अंडी: कोंबडी देते तशीच. मादी वयात आली, ऊन आणि खाणं मिळालं की अंडाशय आपलं काम सुरू करतो, नर असो वा नसो. ती अंडी फळत नाहीत इतकंच. शिवाय नराशी एकदा संबंध आला असेल तर काही कासविणी ते वीर्य शरीरात काही वर्षं जपून ठेवतात. तुमच्या बाबतीत चाळीस वर्षं गेलीत, तो प्रश्न नाही.

अजून आहेत का: बहुधा आहेत. हरमन्स एका वेळेला साधारण दोन ते आठ अंडी घालते, मेपासून जुलैपर्यंत, आणि एकाच हंगामात दोनदाही घालू शकते. अस्वस्थपणा, खाणं सोडणं, उकरून बघणं हे अंडी घालण्याआधी अगदी निरोगी कासवीतही दिसतं. तेवढ्यावरून घाबरले नसते. मला काळजी वाटते ती दोन गोष्टींची. एक, अंडं उघड्यावर, फरशीवर पडलं. जागा मनासारखी मिळाली की मादी असं करत नाही. दुसरी, आता ती मान आत घेऊन बसलीय. येरझाऱ्या घालणारी कासवीण बरी, अंडी न घालताच येरझाऱ्या थांबवून गप्प झालेली मात्र बरी नाही.

घरी काय करू नये: मागच्या पायांच्या पुढच्या खळग्यात बोटं घालून अंडी चाचपायची नाहीत. आत अंडं फुटलं तर पोटात सूज येऊन जीव जातो.

घरी काय करावं: कोमट पाणी, हनुवटीच्या खाली राहील इतकंच, त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. पाणी पितील, लघवी होईल, दोन्ही चांगलं. वजन करा आणि लिहून ठेवा. उबदार जागा द्या, दिव्याखाली तीस-बत्तीस अंश. आणि उद्याच्या उद्या एक्स-रे.

टिंब
मघाचा विनोद मागे घेतो. वाचतोय. लवकर बरी होऊ दे.

डॉ_शेवरी
टिंब, डोहाळजेवणच करायचं तर कॅल्शियमचं करा. ते खरंच लागतं तिला.

निळावंती
यूट्यूबवर पाहिलंय की ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की तासाभरात अंडी बाहेर येतात. गाईम्हशींना देतात तेच. मग एक्स-रे कशाला, सरळ तेच घ्यायचं ना?

डॉ_शेवरी
नाही. हे ठासून सांगते, कारण हा सल्ला वाचून कुणीतरी करून बसेल.

ऑक्सिटोसिन कासवांवर चांगलं चालतं, साप-सरड्यांपेक्षा खूपच चांगलं. पण ते गर्भनलिकेला कळा आणतं, दुसरं काही करत नाही. अंडं फार मोठं असेल, वेडंवाकडं असेल, लहानपणी कॅल्शियम कमी पडून कमरेचं हाड दबलेलं असेल किंवा मूत्राशयात खडा असेल, तर कळा येतील आणि वाट मात्र बंद. मग नलिका फाटते, किंवा अंडं उलटं मूत्राशयात ढकललं जातं. अशी मूत्राशयात गेलेली अंडी मी शस्त्रक्रियेनं काढलीत.

आणखी एक. काही माद्यांत अंड्यांना कवच धरतच नाही. अंडाशयात पिवळे बलक मोठे होऊन तिथेच अडकून बसतात. एकट्या पाळलेल्या कासविणींमध्ये हे बरंच आढळतं. एक्स-रेमध्ये कवच असलेली अंडी दिसतात, हे बलक दिसत नाहीत, त्यासाठी सोनोग्राफी. अशा वेळी ऑक्सिटोसिनचा काडीचा उपयोग नाही, कारण बाहेर ढकलायला अंडंच नाही. म्हणून आधी बघायचं, मग रक्तातलं कॅल्शियम आणि पाणी भरून काढायचं, मग गरज असली तर औषध. कॅल्शियम नसेल तर स्नायू आकसतच नाहीत, इंजेक्शन कितीही द्या.

सोनोरा
ॲरिझोनातून. आमच्या अंगणात वाळवंटी कासव आहे, राज्याच्या वन्यजीव खात्याच्या दत्तक योजनेतून मिळालेलं. इथे जंगलातलं उचलता येत नाही, पाळलेलं परत जंगलात सोडता येत नाही आणि पिल्लं काढायलाही मनाई आहे, कारण आधीच घरोघरची कासवं इतकी जास्त झालीत की त्यांना घरं मिळत नाहीत. तरी आमची मुक्ता दर एक-दोन वर्षांनी अंडी घालतेच.

मी शिकले ते असं, की तिची वेळ पावसाशी बांधलेली आहे. इथे जुलैत मान्सून येतो. हो, इथेही मान्सूनच म्हणतात, वर्षातला मोठा पाऊस त्या दोन महिन्यांत. पहिले ढग यायच्या सुमाराला ती बिळाच्या तोंडाशी उकरायला लागते. पहिल्या वर्षी आम्ही नेमका तिथेच दगडी काठ बांधला होता. तिनं तीन दिवस दगडावर नखं झिजवली. चौथ्या दिवशी नवऱ्यानं पहारीनं काठ उखडला, आणि त्याच संध्याकाळी तिनं अंडी घातली.

रानजाई, परसात सगळी फरशी आणि हिरवळच आहे का? मऊ, उतरती, उन्हातली माती कुठे आहे?

एक सावधगिरी: वाळवंटी कासवाला उगाच उचललं की ते घाबरून मूत्राशय रिकामं करतं आणि साठवलेलं पाणी जातं. हरमन्सचं तितकं नसेल, पण उचलाउचल कमी करा.

रानजाई
सोनोरा, तुमचा प्रश्न वाचून परसात जाऊन बघितलं. मऊ माती कुठेच नाही. आजोबांच्या वेळी भाजीचे वाफे होते. आम्ही गेल्या उन्हाळ्यात मुलाला खेळायला म्हणून ते काढून फरशी घातली. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत ती बहुतेक वाफ्यात घालत असणार आणि कुणाला कळत नसणार!

कोमट पाण्यात बसवलं. पाणी प्यायली. वजन १६४० ग्रॅम. ('प्यायली' लिहिताना बोट अडखळलं.) चाळीस मिनिटांच्या अंतरावर एक डॉक्टर सापडल्यात, उद्या सकाळी दहाची वेळ आहे.

शंकासुर
बरं झालं. पण एक मूळ प्रश्न विचारतो. कासवं पाळायचीच कशाला? भूमध्य समुद्राकाठचा प्राणी इंग्लंडच्या पावसात, मिसिसिपीच्या खोऱ्यातला प्राणी पुण्याच्या काचेच्या डब्यात. आजारपण यातूनच येतं.

कोयनाकाठ
शंकासुर, तुमचं पटतं. आता आणणार नाही. पण जी घरात आहे तिचं काय? खूप लोक अशा वेळी तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडून देतात. ते तर आणखी वाईट. ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक जातींच्या यादीत आहे. आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि उन्हं खायच्या जागा बळकावते. एकदा आणलं की तीसेक वर्षांची जबाबदारी, एवढंच आहे.

रानजाई
शंकासुर, तुमचा प्रश्न रास्त आहे. आजोबांनी सांगितलं होतं की त्या काळी ही कासवं जहाजं भरभरून यायची आणि बहुतेक पहिल्याच हिवाळ्यात मरायची. १९८४ पासून जंगलातली आणून विकणं इथे बंद झालं. जॉर्ज त्याच्या आधीची, म्हणजे बहुधा जंगलातून पकडलेली. ती वाचली हेच नवल. परत कुठे पाठवणार तिला?

उंबरठा
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या ओळखीचे एक जण स्टार कासव देतो म्हणतायत, घरात असलं की बरकत येते म्हणे. पाठीवर सुंदर चांदण्या असतात. त्याला अंड्यांचा वगैरे त्रास होतो का?

सह्यवाट
उंबरठा, घेऊ नका. स्टार कासव भारतातलं वन्य कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. घरात सापडलं तर जेलची हवा आहे. देणारा कुठून आणतोय याचा विचार करा. गोणीत कोंबून, पाय चिकटपट्टीनं बांधून नेतात. बरकतीच्या नावावर आणि त्या 'वीस नखी कासवा'च्या गुप्तधनाच्या थापांवर किती जीव जातात. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवा.

उंबरठा
बाप रे. मला खरंच कल्पना नव्हती, त्यांनी तर ससा पाळावा तसं सांगितलं. नाही म्हणून कळवते. आणि १९२६ वरही.

माईआजी
बरकत हवी तर देवळातल्या कासवाला हात लावून यावं की! आमच्या गावी आड होता, त्यात एक कासव होतं. पाणी स्वच्छ ठेवतं म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा होतं, माझ्या नातवंडांनीही पाहिलं. ते नर की मादी, ते आता तुमचं वाचून मनात आलं. अंडी घालायला तिला वर कुठून येता येणार, बांधीव आड तो.

दर्यावर्दी
माईआजी, तुमच्या शेवटच्या वाक्यानं गलबललं.

मी दापोलीकडचा. थोडं अवांतर, पण अंड्यांचंच आहे. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. २००२च्या सुमाराला वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं काम सुरू केलं, त्याआधी अंडी उकरून नेऊन खायचे किंवा विकायचे. मी पोरसवदा होतो, मीही खाल्लीयत, खोटं कशाला बोलू. आता त्याच गावात कासव महोत्सवाला लोक येतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग लावला, तिचं नाव प्रथमा ठेवलं.

मी अनेक रात्री पाहिलंय. मादी पाण्यातून वर येते, वाळू हुंगल्यासारखं करते, आणि एखादी गोष्ट आवडली नाही की वळून परत जाते. टॉर्च, कुत्रा, माणसाचा आवाज, वाळू फार कोरडी, काहीही. उकरताना वाळू ढासळली तरी सोडून देते. पण एकदा अंडं पडायला लागलं की मग शंभर-सव्वाशे अंडी घालूनच थांबते. तुमची जॉर्ज जमिनीवरची, पण हट्ट तोच दिसतो. माती जरा ओलसर ठेवा. भुसभुशीत कोरडी माती खड्ड्यात परत ढासळते.

आणि संतांच्या अभंगांत येतं ना, कासवीण नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते? आमच्याकडे ती अंडी बुजवून गेली की वळून बघतही नाही. पण जागा निवडायला तिनं जी नजर लावलेली असते ती पाहिली की वाटतं, म्हणणाऱ्यानं काहीतरी पाहिलं होतं.

आमराई
रानजाई, खायला काय देता? आमच्या भाच्याकडे स्लायडर होता, त्याला चपाती, दूधभात, टोमॅटो द्यायचे. कवच मऊ पडलं, डोळे सुजून मिटले.

डॉ_शेवरी
आमराई, मऊ कवच कॅल्शियम आणि ऊन कमी पडल्यानं, सुजलेले डोळे पुष्कळदा अ जीवनसत्त्वाच्या अभावानं. त्यावर मनानं व्हिटॅमिनची इंजेक्शनं द्यायची नाहीत, जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

काचेतून आलेलं ऊन चालत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ज्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काच अडवते. खिडकीत बसवलेलं कासव ऊबदार असतं, पण कॅल्शियम हाडात जात नाही. उघड्या उन्हात ठेवा, सावलीची सोय करून. दिवा वापरत असाल तर यूव्हीबी लिहिलेला, आणि तो पेटत असला तरी सहा ते बारा महिन्यांनी बदला, कारण उजेड राहतो आणि किरण संपतात.

हरमन्ससाठी रानपाला. डँडेलियन, क्लोव्हर, प्लँटेन (केळं नव्हे, त्या नावाचं तण), जास्वंदीची पानं-फुलं. फळं नको, पालक नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं. आणि समुद्रफेस ठेवा, लागेल तसा कुरतडते.

दर्यावर्दी
समुद्रफेस! आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर ढीग असतो. माकूलच्या जातीतल्या एका प्राण्याचं ते आतलं हाड. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात पैसे देऊन घेतात लोक. कोयनाकाठ, पत्ता कळवा, पोतंभर पाठवतो.

रानजाई
डँडेलियन म्हणजे आपल्या पाथरीच्या भाजीची लांबची बहीण वाटते मला, तशीच पानं आणि पिवळी फुलं. परसात उगवते ती आम्ही उपटून टाकत होतो!

दवाखान्यातून आत्ता आले. एक्स-रेमध्ये चार अंडी, अगदी चिनीमातीच्या गोट्यांसारखी स्पष्ट दिसतात. डॉक्टर म्हणाल्या आकार ठीक आहे, कमरेतून जातील, खडा नाही. रक्तात कॅल्शियम कमी. कॅल्शियमचं आणि पाण्याचं इंजेक्शन दिलं, घरी द्यायला कॅल्शियमची बाटली. आणि काय म्हणाल्या असतील? "हिला माती द्या." पाच दिवसांत घातली नाहीत तर ऑक्सिटोसिन, त्यानंही नाही तर शस्त्रक्रिया.

त्यांनी शेपूट दाखवली. आखूड, आणि पोटाकडचं कवच सपाट. नराची शेपूट लांब, जाड, आणि पोट आत वळलेलं, म्हणजे मादीच्या पाठीवर नीट बसतं. इतकं सोपं होतं.

टिंब
चुकलेल्या तुम्ही पहिल्या नाही. इंग्लंडातच टिमथी नावाचं प्रसिद्ध कासव होतं, क्रिमियाच्या युद्धात नौदलाच्या जहाजावर होतं. १९२६ साली जोडी जमवायला गेले तेव्हा कळलं की मादी आहे. नाव टिमथीच राहिलं. २००४ साली गेली, साधारण १६० वर्षांची होऊन. जॉर्जला अजून बराच पल्ला गाठायचाय.

रानजाई
नवऱ्यानं आणि लेकानं काल संध्याकाळी चार फरश्या उचकटल्या. मातीच्या सहा पिशव्या आणि दोन वाळूच्या आणल्या. पाऊण फूट खोल ढिगारा, दक्षिणेकडे उतरता, पाणी शिंपडून थापलेला. जूनमध्ये इथे आज सोळा अंश आहेत आणि ढग, म्हणून वर दिवा टांगलाय. दर्यावर्दी, माती मुठीत दाबली की लाडू वळतो इतपत ओली केलीय.

दर्यावर्दी
बरोबर. आणि आता खिडकीतूनच बघा. लेकाला सांगा, जवळ जायचं नाही.

रानजाई
रविवार, रात्रीचे साडेनऊ. लिहिताना हात थरथरतायत.

शुक्रवारी तिनं ढिगाऱ्याला वळसा घातला आणि निघून गेली. शनिवारी वर चढली, नाक मातीला लावलं, थोडं उकरलं, सोडलं. आज दुपारी ऊन आलं. चार वाजून दहा मिनिटांनी मागचे पाय सुरू झाले. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा, मागे वळून एकदाही न बघता. प्रत्येक पाय आत जाऊन मूठभर माती अलगद वर आणून बाजूला ठेवायचा, फेकायचा नाही. मध्ये तिनं मातीवर लघवी केली, ओली व्हावी म्हणून. तासाभरानं पहिलं अंडं. पाय आत घालून तिनं ते हळूच बाजूला सरकवलं. मग दुसरं, तिसरं. मग बुजवलं, आणि पोटाकडच्या कवचानं दाबून दाबून सपाट केलं. पावणेसात झाले होते. लेक तेवढा सगळा वेळ खिडकीशी उभा होता, एकदाही काही मागितलं नाही त्यानं.

तीनच घातली. चौथं आत आहे.

माईआजी
रडले गं वाचून.

डॉ_शेवरी
छान झालं. चौथ्याचं उद्या डॉक्टरांना कळवा. वाट मोकळी आहे हे आता तीन अंड्यांनी सिद्ध केलंय, त्यामुळे औषधाची भीती नाही. अंडी उकरलीत तर उलटीपालटी झाली तरी बिघडत नाही, फळलेली नाहीतच. पिल्लांसाठी उबवायची असती तर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करून तशीच उचलायला सांगितलं असतं, कारण आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि फिरवलं की मरतो.

निळावंती
उबवली असती तर नर-मादी ठरवता येतात ना?

डॉ_शेवरी
हो, उष्णतेवर. हरमन्समध्ये साधारण साडेएकतीस अंशांच्या खाली बहुतेक नर, वर बहुतेक माद्या. रिडलेतही असंच, आकडा थोडा खाली. वाळू तापत चालली की सगळ्या माद्याच निघतील ही किनाऱ्यावरच्या लोकांची काळजी त्यामुळेच आहे.

रानजाई
काल दवाखान्यात ऑक्सिटोसिन दिलं. उथळ कोमट पाण्यात ठेवलं होतं, दोन तासांनी चौथं अंडं आलं. पुन्हा एक्स-रे काढला, पोट रिकामं. वजन १५२५. घरी आणल्यावर सरळ डँडेलियनकडे गेली आणि फुलापासून सुरुवात केली.

आज आम्ही एक अंडं कापसात गुंडाळून आजोबांकडे नेलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं, बराच वेळ. त्यांना आठवलं की दरवर्षी जूनमध्ये जॉर्ज मटारच्या वाफ्याची नासधूस करायचा आणि ते चिडून जाळी लावायचे. "मी तिला हाकलत होतो," एवढंच म्हणाले. मी सांगितलं, जाळीच्या बाहेर बाकीचे वाफे होते ना, मग तिला जागा मिळत होती. त्यांना ते पटलं असावं.

नावाचं विचारलं. म्हणाले, जॉर्जच राहू दे, तिला तेवढंच ओळखीचं आहे. डॉक्टर म्हणाल्या तीनेक आठवड्यांत दुसरा घाणा येऊ शकतो. (हा शब्द माझा, त्यांनी वेगळा वापरला!) ढिगारा तसाच ठेवतोय. फरशी परत बसवणार नाही.

घाटवाट
रानजाई, मी थांबा म्हटलं होतं. चुकलो. कोयनाकाठ, तुमचं ऐकलं म्हणून बरं झालं.

कोयनाकाठ
घाटवाट, असू द्या.

डॉक्टर, एक विचारायचंय. दुसरी, चिंगी, अजून आमच्याकडे आहे. आता सतरा वर्षांची. आठवड्यापासून काचेवर चढायला बघतेय. मला खरं तर हा धागा उघडायचीच भीती वाटत होती. टाकीला जोडून वाळूची पेटी करायची तर केवढी करू?

डॉ_शेवरी
तिला सहज वळता येईल इतकी, म्हणजे लांबी-रुंदी तिच्या कवचाच्या चार-पाच पट. खोली निदान कवचाच्या लांबीएवढी. वाळू आणि माती अर्धी-अर्धी, ओलसर. पाण्यातून वर यायला खरखरीत उतार, गुळगुळीत प्लास्टिक नको. वर दिवा. रात्री खोलीत कुणी नको. आणि या आठवड्यात एक्स-रे, पेटी झाली तरी.

कोयनाकाठ
एक्स-रे झाला. सहा आहेत. कॅल्शियम सुरू केलं. सुताराकडून फळ्या कापून आणल्या, काल रात्री पेटी लावली. दर्यावर्दी, समुद्रफेस पोचला, मनापासून आभार.

सकाळी बघितलं. अजून उकरलेलं नाही. पण उतार ओला आहे, आणि वाळूवर तिच्या नखांच्या रेघा आहेत, पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत.